सासूबाईंची धास्ती, लेकीचा हट्ट आणि चार वर्षांचं बिल

पत्र: «लेक बारावीत आहे, पुढे मेडिकलला जायचं म्हणते. तीन ठिकाणी प्रवेश मिळालाय. शिकागो शहरातलं एक जेझुइट कॅथलिक विद्यापीठ: वर्षाला सगळं मिळून ७४,००० डॉलर, त्यावर ३०,००० ची मेरिट स्कॉलरशिप. घरापासून वीस मिनिटांवरचं, प्रोटेस्टंट चर्चशी जोडलेलं एक छोटं कॉलेज: ट्यूशन ४५,०००, स्कॉलरशिप २७,०००, डॉर्मवर राहिली तर आणखी १३,५००. तिसरं अर्बाना-शॅम्पेनचं इलिनॉय विद्यापीठ: ट्यूशन १७,०००, राहणं-जेवण-फी-पुस्तकं २१,०००, मदत काही नाही. आमचं दोघांचं उत्पन्न १,५५,०००. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचतीत) ८०,००० साठलेत, पगारातून वर्षाला १८,००० काढू शकू. धाकटा नववीत आहे. लेकीचं मन जेझुइटवर, यांचं म्हणणं अर्बाना, मला ती जवळ असलेली बरी वाटते. आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई रोज विचारतात, चर्चच्या कॉलेजात घातली तर पोरगी बाटणार नाही ना? १ मेपर्यंत कळवायचंय. तुमचं मत काय? — शिकागोच्या पश्चिम उपनगरातून, एक आई»

ताई,

सासूबाईंचा प्रश्न आधी घेऊ. तो वाटतो तितका भाबडा नाही, फक्त त्यांनी तो चुकीच्या कॉलेजाबद्दल विचारलाय.

‘चर्चचं कॉलेज’ म्हणून एकच प्रकार नसतो. जेझुइट म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ. त्यांचं मुंबईतलं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ पासून आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ब्राह्मणांपासून पारशांपर्यंत सगळ्यांची मुलं तिथे शिकली. अमेरिकेतली जेझुइट विद्यापीठं त्याच घराण्यातली. प्रवेशासाठी कोणाचा धर्म विचारत नाहीत, चर्चला जाण्याची सक्ती नाही, कशावर सही घेत नाहीत. जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठाने तर २०१६ मध्ये हिंदू विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ हिंदू धर्मगुरू नेमला. सासूबाईंना झेवियर्सचं उदाहरण द्या, त्यांना ते पटेल.

दुसऱ्या टोकाला इव्हँजेलिकल, म्हणजे श्रद्धेवर कडक भर देणारी प्रोटेस्टंट कॉलेजं. तुमच्याच भागातलं व्हीटन कॉलेज घ्या. तिथे विद्यार्थ्याने ख्रिस्ती श्रद्धा मानावी ही अपेक्षा आहे आणि वागणुकीचा करार स्वीकारावा लागतो. कॅम्पसवर नाचायला परवानगी मिळाली ती २००३ मध्ये. युटामधलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ मॉर्मन चर्चचं. तिथे इतर धर्माच्या मुलांनाही प्रवेश आहे, पण चर्चच्या सभासदांच्या दुप्पट ट्यूशन भरावी लागते, आणि नियमावलीत दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीलाही बंदी. चहाशिवाय चार वर्षं! सासूबाईंनी घाबरायचं असेल तर तिथे घाबरावं.

मधला मोठा गट म्हणजे मेथडिस्ट, लुथरन वगैरे चर्चनी एकोणिसाव्या शतकात काढलेली कॉलेजं. चर्चशी नातं आता बहुधा एका चॅप्लेनपुरतं (कॉलेजच्या धर्मगुरूपुरतं) आणि विश्वस्त मंडळावरच्या एक-दोन जागांपुरतं उरलंय. तुमच्या घराजवळचं कॉलेज याच गटातलं दिसतं, पण ‘दिसतं’वर विसंबू नका. कॉलेजच्या संकेतस्थळावर तीन कागद शोधा: श्रद्धेचं निवेदन आणि ते कोणाला मान्य करावं लागतं (फक्त प्राध्यापकांना की विद्यार्थ्यांनाही), कॅटलॉगमधला ‘कोअर करिक्युलम’ (सगळ्यांना सक्तीचे कोर्स), आणि स्टुडंट हँडबुक. हँडबुकमध्ये चॅपलची हजेरी, डॉर्ममध्ये मुला-मुलींनी एकमेकांकडे जाण्याच्या वेळा, दारूचे नियम आणि शिस्तभंगाची कारवाई हे सगळं लिहिलेलं असतं. नोट्रे डेमसारख्या नावाजलेल्या कॅथलिक विद्यापीठातही मुला-मुलींची वसतिगृहं वेगळी असतात आणि रात्री ठरलेल्या वेळेला पाहुण्यांनी बाहेर पडायचं असतं. अनेक कॅथलिक विद्यापीठांच्या आरोग्यकेंद्रात गर्भनिरोधक मिळत नाहीत, हेही मुलीला आधी माहीत असलेलं बरं. हा विषय आजीसमोर काढायची गरज नाही, पण आईने काढावा.

शाकाहाराचं विचाराल तर लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी कॅथलिक मेसमध्ये मांस नसतं. मासे मात्र असतात, तेव्हा फार आनंदून जाऊ नका.

आता धर्माचा पैशाशी येणारा संबंध, जो कोणी सांगत नाही. जेझुइट विद्यापीठांत साधारणपणे दोन थिऑलॉजीचे आणि एक-दोन फिलॉसॉफीचे कोर्स सक्तीचे असतात. प्रत्येकी तीन क्रेडिट धरले तर पदवीच्या १२० क्रेडिटांपैकी नऊ ते बारा. थिऑलॉजी म्हणजे प्रवचन नव्हे. वाचायचं, लिहायचं, वाद घालायचा, आणि बऱ्याच ठिकाणी हिंदू किंवा बौद्ध परंपरांवरचा कोर्स घेऊनही अट पुरी होते. त्यामुळे अभ्यास म्हणून त्यात वाईट काही नाही. अडचण अशी की हे कोर्स एपीच्या, म्हणजे शाळेतच दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांच्या, गुणांवर माफ होत नाहीत.

तुमच्या लेकीने किती एपी परीक्षा दिल्यात ते पत्रात नाही, पण त्या उपनगरांतली मुलं पाच-सहा तरी देतातच. इलिनॉयच्या कायद्यानुसार राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांना एपीच्या ३ आणि त्यावरच्या गुणांना क्रेडिट द्यावंच लागतं. ते क्रेडिट मेजरमध्ये (मुख्य विषयात) धरायचं की नुसतं ऐच्छिक म्हणून, हे विद्यापीठ ठरवतं, पण क्रेडिट मिळतं. खासगी कॉलेजांना हे बंधन नाही. कुठे ४ मागतात, कुठे ५, कुठे एकूण क्रेडिटांवर मर्यादा. म्हणजे अर्बानाला सात सेमिस्टरमध्ये पदवी होण्याची शक्यता खरी आहे, आणि एक सेमिस्टर वाचलं तर १९-२० हजार डॉलर वाचले. जेझुइटकडे तीच मुलगी, तेच एपी, पण कोअर भरायलाच आठवं सेमिस्टर लागू शकतं. दोन्ही ठिकाणच्या एपी तक्त्यांची छपाई काढा आणि लेकीला पेन्सिल देऊन बसवा. एक सावधानता: काही मेडिकल स्कूलं रसायन-भौतिक-जीवशास्त्रासाठी एपी मान्य करत नाहीत, प्रत्यक्ष कॉलेजात घेतलेला प्रयोगासहित कोर्स मागतात. तेव्हा एपीने इतिहास, इंग्रजी, अर्थशास्त्र, गणित उडवायचं. विज्ञान पुन्हा घ्यायचं किंवा एक पायरी वरचा कोर्स घ्यायचा.

आता बिल. सगळे पालक पहिल्या वर्षाचा आकडा चारने गुणतात. गफलत तिथेच होते.

जेझुइटचं निव्वळ बिल पहिल्या वर्षी ४४,०००. चारने गुणलं तर १,७६,०००. पण तुमचं ॲवॉर्ड लेटर (कॉलेजने पाठवलेलं मदतीचं पत्र) पुन्हा वाचा: स्कॉलरशिप ‘३०,००० डॉलर’ आहे, ‘ट्यूशनच्या ५५ टक्के’ नाही. बिल दर वर्षी वाढतं, स्कॉलरशिप तिथेच. वर्षाला ४ टक्के वाढ धरा: ७४,०००, मग ७६,९६०, मग ८०,०३८, मग ८३,२४०. बेरीज ३,१४,२३८. त्यातून १,२०,००० वजा केले की राहतात सुमारे १,९४,०००. म्हणजे १८,००० डॉलर ॲवॉर्ड लेटरमध्ये दिसतच नाहीत. चौथ्या वर्षी तुम्ही ४४ नव्हे, ५३ हजार भरत असता, आणि त्याच वर्षी धाकटा कॉलेजात पाऊल टाकतो. आणि ‘दोघं एकदम कॉलेजात असली की फाफ्सात (केंद्र सरकारच्या मदत-अर्जात) सूट मिळते’ हे जे मंडळाच्या पिकनिकला ऐकायला मिळतं, ते जुनं झालं. २०२४-२५ पासूनच्या नव्या सूत्रात ती सूट काढून टाकली. सीएसएस प्रोफाइल हा वेगळा मदत-अर्ज मागणारी काही खासगी कॉलेजं अजून विचार करतात, सगळी नाही.

अर्बानाची गंमत उलटी. इलिनॉयमध्ये कायदाच आहे की राज्याच्या रहिवाशाला पहिल्या वर्षी जी ट्यूशन लागली तीच सलग चार वर्षं राहील. म्हणजे १७,००० चार वेळा, ६८,०००. फी, डॉर्म, जेवण मात्र वाढतं: २१,००० वर ४ टक्क्यांनी चार वर्षांत ८९,०००. एकूण १,५७,०००. तिसऱ्या वर्षापासून चौघी मिळून अपार्टमेंट घेतलं आणि कुकर लावता आला तर त्याहून कमी. एक खाच आहे: तिथे काही मेजरची ट्यूशन इतरांपेक्षा जास्त असते. तुमच्या पत्रातला १७,००० चा आकडा कोणत्या मेजरचा आहे ते पाहा. मेजर बदललं तर दरही बदलतो.

घराजवळचं कॉलेज. ट्यूशन ४ टक्क्यांनी वाढत चार वर्षांत १,९१,०००. स्कॉलरशिप १,०८,०००. राहतात ८३,०००. पुस्तकं आणि गाडीचं पेट्रोल वर्षाला ३,००० धरलं तर ९५,०००. डॉर्म घेतली तर त्यावर आणखी ५७,०००, म्हणजे १,५२,०००. नीट बघा: डॉर्मवर राहायचं तर हे अर्बानाच्या जवळपास तेवढंच पडतं, आणि घरून ये-जा केली तर तिन्हींत सगळ्यात स्वस्त. म्हणून तुमच्या घरात चाललेला ‘महाग खासगी की स्वस्त सरकारी’ हा वादच मुळात चुकीचा मांडलाय.

पण थांबा. काही कॉलेजं घरून येणाऱ्या विद्यार्थ्याची स्कॉलरशिप कापतात, आणि काही ठिकाणी पहिली एक-दोन वर्षं डॉर्मवर राहणं सक्तीचं असतं, जवळ घर असलेल्यांना सूट मागावी लागते. हे फोनवर विचारू नका. ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. त्याच ईमेलमध्ये दोन्ही खासगी कॉलेजांना हेही विचारा: स्कॉलरशिप आठही सेमिस्टर नक्की का? टिकवायला जीपीए (चारपैकी सरासरी गुण) किती? सेमिस्टरला १२ क्रेडिट पुरतात की १५ लागतात? बाहेरून एखादी स्कॉलरशिप आणली (मंडळाची, कंपनीची, बँकेची) तर तुम्ही तुमची तेवढी कमी करणार का? जीपीएची अट प्री-मेडसाठी, म्हणजे मेडिकलची तयारी करणाऱ्यांसाठी, फार महत्त्वाची. २.५ असेल तर निर्धास्त राहा. ३.० असेल तर सावध राहा, कारण पहिल्या वर्षीचं जनरल केमिस्ट्री आणि दुसऱ्या वर्षीचं ऑरगॅनिक शाळेतल्या भल्याभल्या हुशार मुलांना ‘सी’ देऊन जातं. एका सेमिस्टरला ३.० खाली गेली तर ताबडतोब पैसे जातात की वर्षभराची मुदत मिळते, हेही विचारून घ्या.

तुमच्या खिशाकडे वळू. ८०,००० चार वर्षांत वाटले तर अर्बानासाठी भरायचे उरतात ७७,०००, वर्षाला १९,३००. तुम्ही १८,००० म्हणता. वरचा फरक सरकार भरून देतं: अमेरिकन अपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट (करातली थेट सूट) वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, चार वर्षं. जोडप्याने एकत्र रिटर्न भरताना उत्पन्न १,६०,००० पर्यंत असेल तर पूर्ण मिळतं, पुढे घटत जाऊन १,८०,००० ला संपतं. तुम्ही काठावर आहात, तेव्हा बोनस मोठा आला तर ४०१-केमध्ये (नोकरीतल्या निवृत्ती खात्यात) जास्त टाकून उत्पन्न खाली आणता येतं. हे क्रेडिट घ्यायला वर्षाची ४,००० डॉलर ट्यूशन ५२९ मधून नव्हे, साध्या बँक खात्यातून भरा. एकाच खर्चावर दोन सवलती चालत नाहीत, आणि ‘सगळं ५२९ मधूनच भरू’ या उत्साहात कितीतरी घरं दरवर्षी हे अडीच हजार सोडून देतात. शिवाय ५२९ मधून काढलेले पैसे आणि भरलेलं बिल एकाच कॅलेंडर वर्षात बसायला हवं. जानेवारीचं बिल डिसेंबरात भरलंत तर पैसेही डिसेंबरातच काढा.

जेझुइटचं गणित: १,९४,००० वजा ८०,०००, वर्षाला २८,५००. टॅक्स क्रेडिट वजा केलं की २६,०००. तुमच्या १८,००० पेक्षा ८,००० जास्त, दरवर्षी. हे कुठून येणार? लेकीच्या नावावर फेडरल कर्ज मिळतं: पहिल्या वर्षी ५,५००, मग ६,५००, मग ७,५०० दोनदा, एकूण २७,०००. चार वर्षांत मिळून उरलेलं पाच-सहा हजार पेरेंट प्लस या पालकांच्या फेडरल कर्जातून. हे कर्ज तुमच्या नावावर असतं. २०२५-२६ चा त्याचा व्याजदर ८.९४ टक्के, आणि देतानाच चार टक्क्यांहून थोडं जास्त कापून घेतात. नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून त्यावर वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे ६५,००० अशी मर्यादाही घातलीय. तुम्हाला त्या मर्यादेपर्यंत जावं लागणार नाही, पण मुद्दा वेगळाच आहे.

मुद्दा मेडिकलचा. आतापर्यंत मेडिकलची मुलं ग्रॅड प्लस नावाच्या कर्जाने हवा तेवढा खर्च भागवत. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ते बंद. वैद्यकीय शिक्षणासाठी फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० इतकंच. बऱ्याच मेडिकल स्कूलांचा चार वर्षांचा खर्च याच्या वर जातो. वरचा हिस्सा खासगी बँकेकडून, आईवडिलांच्या सहीवर. तुमची लेक २०३० च्या सुमाराला त्या दारात उभी असेल. तेव्हा पदवीसाठी जास्तीचे ३७,००० खर्चून, वर २७,००० चं कर्ज डोक्यावर घेऊन उभी राहणं आणि कर्ज शून्य असताना उभी राहणं, यात फार मोठं अंतर आहे. नुसतं ‘कॉलेज कुठलं’ ठरवायचं असतं तर आम्ही इतका आग्रह धरला नसता.

आता लेकीची बाजू, कारण तिचंही काही चुकत नाही. अर्बानाला पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानाला शेकडो मुलं असतात. प्राध्यापकाला नाव माहीत व्हायचं तर आपण होऊन त्यांच्या ऑफिस अवर्सला (भेटीच्या ठरलेल्या वेळेला) जावं लागतं, संशोधनासाठी ईमेलमागून ईमेल धाडावे लागतात. संधी तिथे भरपूर आहेत, पण कोणी हाताला धरून नेत नाही. लाजरी, विचारायला कचरणारी मुलगी असेल तर हा तोटा खरा आहे आणि त्याची किंमत शिफारसपत्रांत मोजावी लागते. छोट्या कॉलेजात प्रयोगशाळा स्वतः प्राध्यापक घेतात, ऑरगॅनिकच्या वर्गात तीस मुलं असतात. हा फायदाही खरा आहे. तुमची मुलगी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक.

मात्र ‘आमच्या प्री-मेडच्या ८५ टक्के मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो’ असं कोणी भेटीच्या दिवशी सांगितलं तर लगेच वही बंद करू नका. पुढचा प्रश्न विचारा: पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती जण होते आणि त्यातल्या किती जणांना कॉलेजने अर्ज करू दिला? अनेक कॉलेजांत मेडिकलच्या अर्जासाठी कॉलेजच्याच समितीचं शिफारसपत्र असतं. समिती कमकुवत मुलांना पत्र देत नाही, किंवा एक वर्ष थांबा म्हणते. गाळून उरलेल्यांची टक्केवारी छान दिसणारच. जेझुइट विद्यापीठाचं स्वतःचं मेडिकल स्कूल असेल तर त्यानेही भुलू नका. ॲवॉर्ड लेटरबरोबर पदवी आणि मेडिकलच्या जोड-कार्यक्रमाचा लेखी प्रवेश नसेल तर त्या दारावर ती इतरांसारखीच. उलट इलिनॉय विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय राज्याच्या रहिवाशांना झुकतं माप देतं आणि त्यासाठी पदवी कुठून घेतली हे पाहत नाही. तुम्ही इलिनॉयमध्ये राहता एवढंच पुरे.

छोट्या कॉलेजाबद्दल एक भीती मात्र सासूबाईंच्या भीतीपेक्षा मोठी आहे: ते चार वर्षं टिकेल का? मिडवेस्टात धार्मिक छोटी कॉलेजं बंद पडतायत. जॅक्सनव्हिलचं मॅकमरी २०२० मध्ये, मिलवॉकीचं कार्डिनल स्ट्रिच २०२३ मध्ये, सेंट लुइसचं फाँटबोन २०२५ मध्ये. मुलं कमी झाली, डागडुजी रखडली, ट्यूशनवर चालणारं दुकान बसलं. बंद झालं तर दुसरं कॉलेज मुलांना सामावून घेतं, पण सगळी क्रेडिटं जशीच्या तशी जातील याची खात्री नसते, आणि स्कॉलरशिप तर नाहीच. तपासायचं असं: केंद्रीय शिक्षण खातं प्रत्येक खासगी कॉलेजला आर्थिक जबाबदारीचा गुण देतं, उणे १ ते ३ या पट्टीवर. १.५ च्या वर असेल तर ठीक, खाली असेल तर प्रश्न विचारा. त्याच खात्याची ‘हाइटन्ड कॅश मॉनिटरिंग’ (पैशावर जादा देखरेख) नावाची यादी असते, त्यात नाव आहे का पाहा. गेल्या पाच वर्षांतली विद्यार्थिसंख्या कॉलेज नॅव्हिगेटर या सरकारी संकेतस्थळावर आणि संस्थेच्या माहितीत सापडते. ती दरवर्षी घसरत असेल आणि त्यातच कॉलेजने अलीकडे काही विभाग बंद केले असतील, तर २७,००० ची स्कॉलरशिप म्हणजे रिकाम्या जागा भरायची सवलत समजा.

आता आमचं मत, कारण तुम्ही मत मागितलंय. आमची पहिली पसंती अर्बाना. घराजवळचं कॉलेज दुसरं. पण ते वरच्या तपासणीत उतरलं, घरून येण्यावर स्कॉलरशिप कापली नाही, आणि लेक मनापासून तयार असली तर त्याला पहिलंही करायला हरकत नाही. वाचलेले ६०,००० डॉलर मेडिकलच्या पहिल्या वर्षाला उपयोगी पडतील. मात्र ‘मला ती जवळ बरी वाटते’ हे कारण तुमचं आहे, तिचं नाही. अठरा वर्षांच्या मुलीला आईच्या सोयीसाठी घरी ठेवलं तर पहिल्या सेमिस्टरनंतर बदलीचा अर्ज येतो, आणि बदलून गेलेल्यांना मेरिट स्कॉलरशिप सहसा कमी मिळते. जेझुइट तिसरं. मात्र एक प्रयत्न करून पाहिल्याशिवाय तिला ‘नाही’ म्हणू नका.

प्रयत्न असा. या आठवड्यात जेझुइटच्या आर्थिक मदत कार्यालयाला पत्र लिहा, लेकीच्या नावाने, कारण अर्जदार ती आहे. छोटं पत्र: तुमचं विद्यापीठ माझी पहिली पसंती आहे, इतर ठिकाणचा निव्वळ खर्च इतका आहे (दोन्ही ॲवॉर्ड लेटर जोडा), चार वर्षांचा फरक आमच्या कुटुंबाला झेपत नाही, स्कॉलरशिपचा पुनर्विचार होऊ शकेल का. आकडा स्पष्ट मागा. तुमच्या बाबतीत फरक भरून निघायला वर्षाला ९,३०० लागतात, तेव्हा ९,००० मागा. ‘जमेल तेवढं’ असं लिहिलं तर १,५०० मिळतात. घरात कोणाची नोकरी गेली असेल, मोठा दवाखान्याचा खर्च झाला असेल किंवा सासूबाईंचा सांभाळ तुमच्याकडे असेल तर तेही कागदांसकट लिहा. त्याला वेगळी वाट आहे, ती फाफ्साच्या आकड्यांच्या फेरविचाराची. खासगी कॉलेजं एप्रिलमध्ये जागा भरायच्या घाईत असतात, तेव्हा तीन-चार हजार वाढवून मिळणं नवलाचं नाही. नऊ हजार कठीण. राज्याच्या विद्यापीठाकडे ही घासाघीस चालत नाही, तिथे शब्द खर्च करू नका.

उत्तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नाही आलं तर फोन करा. सात-आठ हजार वाढवून दिले आणि दर वर्षी मिळतील असं लिहून दिलं, तर जेझुइटला हो म्हणा आणि मनात किंतु ठेवू नका. तीन हजार दिले तर लेकीला हे सगळं गणित दाखवा, पण चौथ्या वर्षाचा आकडा आणि मेडिकलची कर्जमर्यादा आधी दाखवा. या वयाच्या मुलांना ‘आपल्याला परवडत नाही’ ऐकलं की राग येतो. आकडे मांडले की ती स्वतःच कॅल्क्युलेटर ओढून घेतात.

डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा. दोन ठिकाणी भरून ठेवणं नियमात बसत नाही, आणि ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. अर्बानाला नक्की केलंत तर डॉर्मचा अर्ज त्याच दिवशी करा, कारण खोल्यांचा क्रम अनेकदा अर्जाच्या तारखेवर ठरतो. आणि सासूबाईंना सांगा की तिथे दिवाळी धडाक्यात होते, पण फराळाचा डबा मात्र अडीच तास गाडी चालवून पोचवावा लागेल.